बैठा बँड

गाझियाबादच्या नव्याकोऱ्या सोसायटीत उन्हाळाभर दर रविवारी बागेत फुकट बँड ऐकवायची टूम सेक्रेटरी कारखानिसांनी काढली आणि हौसेनं वरातीचा बँड ठरवला. पण जन्मभर चालत वाजवलेल्या त्या मंडळींना खुर्चीवर बसून सूरच लागेना. दुसऱ्या गाण्याला ते उठले, तिसऱ्याला फाटकाबाहेर पडले, आणि मागोमाग सगळे श्रोतेही. "अरे रुको यार, वापस चलो!" करत सफारीतले कारखानीस धावत पुढे गेले आणि दोन्ही हात वर करून त्यांना अडवू लागले. मागच्यांना वाटलं, साहेब नाचताहेत. मग तेही नाचायला लागले.

कोपऱ्यावरच्या लग्नाच्या मांडवातून मुलीचे वडील धावतच आले आणि कारखानिसांच्या गळ्यात हार घालून म्हणाले, "आइए समधीजी, बड़ी देर कर दी!"