ज्योती रोज हजर

मॅडम वर्गात यायच्या आधी भिमाजी सरांनी नववीला शेवटची ताकीद दिली. प्रश्न विचारला की हात सगळ्यांनी वर करायचा. उत्तर येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. उजव्यातल्याच एकाला सर उठवणार आणि मॅडमना वाटणार, अख्खा वर्ग हुशार. "ज्योती, तू डावाच," शेवटच्या बाकाकडं न बघता ते म्हणाले. सहा महिने उसाच्या फडात काढलेल्या पोरीला इंग्रजी कुठून येणार, हे त्यांचं त्यांनीच ठरवून टाकलं होतं. तिला एकदा विचारून बघायचे कष्ट कोण घेतो?

मॅडम आल्या होत्या तपासणीला. पण जाताना त्या आईबापाबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या पोरींतली एक नगरच्या वसतिगृहासाठी निवडणार होत्या. जागा मिळाली तर ज्योतीचं राहणं, जेवण, दहावी सगळं तिथंच. नाही मिळाली तर दसरा झाला की टोळीबरोबर ट्रकमध्ये. सरांना त्याचं सोयरसुतक नव्हतं, त्यांना शेरा चांगला हवा होता. ज्योतीची आई बायडाबाई मात्र कुठं अंगठा लागला तर असावा म्हणून सकाळपासून वर्गाच्या दाराशी बसली होती.

मॅडमनी संबंधी सर्वनामं काढली. माणसाला 'हू', वस्तूला 'विच', हे पहिल्या बाकांनी घडाघडा म्हणून दाखवलं. मग त्या म्हणाल्या, 'हूज' घालून स्वतःचं वाक्य करा, पुस्तकातलं नको. चाळीस हात वर झाले. एकोणचाळीस डावे. पुढच्या बाकावरच्या हर्षलचासुद्धा डावा बघून सरांच्या तोंडचं पाणी पळालं. उजवा एकच होता, शेवटच्या बाकावर, आणि सर तिकडं बघायलाच तयार नव्हते. ज्योती न विचारता उभी राहिली.

तिनं इंग्रजीत सांगितलं ते असं, की जिची आई ऊस तोडते ती मुलगी मोळ्या बांधते. मॅडमनी 'व्हेअर' विचारलं, 'विच' विचारलं. तिनं उसाच्या पाचटाची राहायची कोपी, बैल, वजनकाटा, सगळं वाक्यात आणून बसवलं. त्या कोपीतच भाकरीच्या सुट्टीत तिनं पुस्तक घोकलं होतं. एकही चूक झाली नाही. मॅडम खूष झाल्या. लगेच सर पुढं सरसावले, म्हणाले, हिची आम्ही खास तयारी करून घेतली. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. ज्योतीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण वसतिगृहाच्या जागेकडं बघून तिनं तो गिळला.

मॅडमनी तिथंच अर्ज भरायला घेतला. मुलगी हंगामात बाहेरगावी असते याचा पुरावा म्हणून त्यांनी गेल्या वर्षीचं हजेरीपुस्तक मागितलं. सर म्हणाले, ते कपाटात आहे, किल्ली सापडत नाही. मॅडम म्हणाल्या, थांबते. किल्ली सापडली. नोव्हेंबर ते एप्रिल ज्योतीच्या नावापुढं एकसुद्धा खाडा नव्हता. पट घसरला की शिक्षकाची एक जागा जाते, म्हणून फडात गेलेल्या पोरांची हजेरी सर बसल्या जागी भरत आले होते.

मॅडमना हे कळलं नाही असं नाही. त्यांनी सरांकडं बघितलं, पुस्तकाकडं बघितलं आणि पेनाला टोपण लावलं. जागा बाहेरगावी जाणाऱ्या मुलींसाठी आहे, कागदावर ही रोज शाळेत आहे, माझा नाइलाज आहे, असं त्या म्हणाल्या. नाइलाज म्हणे. खोटं लिहिताना कुणाचा नाइलाज होत नाही, ते निस्तरायची वेळ आली की बरोबर होतो.

सर खिडकीबाहेर बघत होते. ज्योतीला रडू फुटलं. बायडाबाई उठून आत आली, मॅडमनी दाखवलेल्या पुस्तकातल्या ओळीवर तिनं बोट ठेवलं आणि आवाज न चढवता विचारलं,

"सर, ही रोज हितं हुती म्हन्ता. मंग फडात माज्यामागं मोळ्या कोन बांधीत हुतं?"