प्राचार्यांना आवडलेलं पुस्तक

या मंडळी, मोबाइल हातातच राहू द्या, पण जरा जवळ सरका. एका पुस्तकाची गोष्ट सांगतो. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी घरच्याच माणसांची चित्रं काढून प्रकाशावर पुस्तक लिहिलं आणि प्रसाद वाटावा तसं नेटवर मोकळं सोडलं: कुणीही वाचा, बदला, आपापल्या भाषेत न्या. आपल्या पोरांना ते वर्गात मिळावं, एवढीच त्यांची आस. प्राचार्यांनी नाक मुरडलं, "बाई, घरचं आणि वर फुकटचं! अभ्यासक्रमात नको." पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय!

पुढे प्राचार्य परदेशी परिषदेहून हरखून आले. तिथल्या विद्यापीठाचं मोफत पुस्तक त्यांनी एक अक्षर न कळता डोक्यावर घेतलं होतं. "याला म्हणतात पुस्तक! तुम्हाला ती भाषा येते ना? आपल्या भाषेत आणा, यंदा हेच लावू."

बाईंनी ते उघडलं, तर आरशासमोर दाढी करणारे त्यांचे सासरे चित्रात गाल फुगवून उभे! खाली मूळ लेखिका म्हणून बाईंचंच नाव, परक्या लिपीत.

"असं लिहायला जमलं असतं का तुम्हाला?" प्राचार्यांनी विचारलं.

"छे हो सर, आपली कुठली पोच!" बाई म्हणाल्या.

पुस्तक लागलं, पोरं आवडीनं वाचू लागली.

भाषांतरात बाईंनी एकच गोष्ट गाळली: मूळ लेखिकेचं नाव. ते दिसलं असतं, तर सरांनी पुस्तक पुन्हा नाकारलं असतं. तेव्हा मंडळी, नाव तुम्हीही विचारू नका, पण बाईंची आठवण तेवढी ठेवा.