आडनावाचा रकाना

इंडोनेशियात, सुराबाया शहरातल्या बुटांच्या कारखान्यात हजेरी, रजा, पगारपत्रक, सगळ्यासाठी एकच लॉगिन बसवायचं काम पार्तिनीकडे होतं. आडनाव भरल्याशिवाय यंत्रणा कुणालाच आत घेत नव्हती आणि तिथल्या रीतीप्रमाणे अर्ध्या कामगारांना, खुद्द पार्तिनीलाही, आडनावच नव्हतं. "त्या रकान्यात 'अज्ञात' लिहा आणि मोकळ्या व्हा," व्यवस्थापक म्हणाले. "अज्ञात? साहेब, सातिमानकाका एकतीस वर्षं इथे बूट शिवतायत. ते काय बेवारस आहेत?" "अहो, एका शब्दाचा तर प्रश्न आहे!" "आईबापांनी आम्हाला एकच शब्द दिलाय. तो पुरत नसेल तर यंत्रणा बदला. तोवर मी लॉगिन सुरू करणार नाही, तुमचंसुद्धा." साहेबांनी नोकरीची आठवण करून दिली. तिनं तोच नकार मुख्य कचेरीला लिहून कळवला. चौथ्या दिवशी आडनावाची सक्ती उठली. सातिमानकाकांनी चष्मा सावरला, पडद्यावरचं नाव वाचलं आणि म्हणाले, "पूर्ण आहे की!"