चाकांवरचा ओटा

“आधी पालथा हात फिरवून बघ. तळव्याला सगळंच गुळगुळीत लागतं.”

आईचा आवाज कानात आला तसा त्यानं पालथा हात ओट्याच्या नमुन्यावरून फिरवला. दिसायला काळाभोर दगड, पण उचलला तर ट्रेएवढा हलका.

दुकानदार हसला. “वर दगडाचा नुसता पापुद्रा आहे साहेब. आत मधाच्या पोळ्यासारखी ॲल्युमिनियमची जाळी. चालत्या गाडीत खरा दगड कोण बसवतो? पण असा पालथा हात लावायला कुणी शिकवलं तुम्हाला?”

“आईनं.”

“मग त्यांनाच आणायचं की! मला चार शब्द ऐकवले असते, पण माल बरोब्बर निवडला असता.”

“आई नाही आता.”

बोलून गेला आणि त्याचे कान तापले. शेजारी त्याची बायको नमुने चाळत होती, तिचा हात थांबला.

दुकानदाराचा चेहरा उतरला. त्यानं खूण करून आतली करवत बंद करायला लावली. “माफ करा हं. माझी मागच्या वर्षी गेली. अजून दारातून आत शिरताना हाक मारतो मी.” त्यानं बाहीनं डोळे पुसले. बाहीवरचा पांढरा भुसा गालाला लागला. दुकानदाराच्या त्या गालाकडे बघायचं धाडस त्याला होईना.

जुनी मोटरहोम घेतली तेव्हा सगळ्यांच्या आधी आईच आत चढली होती. “मला खिडकीपाशी बसवा रे,” म्हणाली होती. त्यानं हो म्हटलं होतं. बायकोनं तर तिचा हात हातात घेऊन शब्द दिला होता. मग गाडीतच राहायला जायचं म्हणून घर आवरायला काढलं. गाडीला झेपणार नाही ते एकेक करून ताईकडे, त्याच्या थोरल्या बहिणीकडे, पोचतं झालं. त्या गडबडीत दिलेला शब्द मागे पडला. आता खिडकीपाशी कपाट व्हायचं होतं.

“याचं वजन किती?” बायकोनं विचारलं.

प्रत्येक नमुन्याला तिचा तोच प्रश्न. त्याला आवडलेला पांढऱ्या रेघांचा तिनं बाजूला सारला. करडाही नको म्हणाली.

“याहून हलका?”

“वहिनी, घर करताय का फुगा?”

ती ओठांतल्या ओठांत हसली. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, “आणि खिडकीपाशी कपाट नको. तिथली सीट राहू दे.”

“आता कशाला ती?” तो पुटपुटला.

“राहू द्या हो साहेब,” दुकानदारच मध्ये पडला. “आईंची जागा असेल.”

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुकानदार आत गेला आणि फडक्यात गुंडाळलेली एक फळी घेऊन आला. सगळ्यांत पातळ, सगळ्यांत देखणी. “माझ्या घरासाठी ठेवली होती. न्या तुम्ही. त्यांच्या आठवणीसाठी न्या.”

‘नको’ म्हणायला त्यानं तोंड उघडलं. पण नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. त्यानं मान खाली घालून फळीचं एक टोक धरलं. दुसरं टोक बायकोनं उचललं, हातातल्या हातात तोलून पाहिलं.

“जमतंय,” ती स्वतःशीच म्हणाली.

फळी गाडीत चढवली. दुकानदार दारापर्यंत आला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेला. तो हात निघून गेला तरी खांदा जड वाटत राहिला.

बायको तोवर स्टेअरिंगपाशी जाऊन बसली होती.

“किल्ली द्या.”

“तू चालवतेस? कुठे निघालीस?”

तिनं आरसा नीट केला. आवाज जराही चढवला नाही.

“तिसऱ्या माणसाचं वजन गाडीला झेपणार नाही असं तुम्हीच सांगितलं होतंत ना त्यांना? आता झेपतंय. ताईंना फोन केलाय मी. आई सकाळपासून आवरून दारात बसल्यात.”