एक हजार नऊ बांगडे

२००४च्या वादळात इंजिन बंद पडूनही बाबली मालवणच्या किनाऱ्याला सुखरूप लागला. होडीत तो एकटाच होता आणि बांगड्यांची रास.

सकाळपासून तो वाळूत बांगड्यांचे सारखे वाटे घालत होता. दर वेळी काही उरायचेच.

"बाबा, वाटे कोणाक?" कॉलेजात गणित शिकणाऱ्या तेजस्वीने विचारलं.

"ज्यांनी राती भर दर्यातसून माझी होडी ढकलीत किनाऱ्याक हाडल्यानी, तेंका. किती होते, काळोखात दिसाक नाय."

तेजस्वीने बांगडे मोजले. एक हजार नऊ.

"ही मूळ संख्या, बाबा. सारखे वाटे होवचेच नाय. एक हजार नऊ जण असले, तरच प्रत्येकाक एक."

बाबलीचे डोळे भरून आले.

"मगे तितकेच होते गो," म्हणत त्याने पाण्यात उतरून पहिला बांगडा पुढे धरला.

खालून कुणीतरी तो अलगद घेतला.