पोपट बोलेना

पोपट पुन्हा गप्प बसला. पडद्यावर त्याची कोरी खिडकी उघडली, पण आवाज काही फुटेना.

गळ्याच्या ऑपरेशनमधून ताई वाचली ही देवाची कृपा, पण तिचा आवाज गेला. म्हणून धाकट्या भावाने तिच्यासाठी हा प्रोग्रॅम लिहिला. पोपट हे नाव दाजींनी ठेवलेलं. ताईने वाक्य टाइप करून फाइल ठेवायची. त्या फाइलवर डबल क्लिक केलं की पोपट ते मोठ्याने म्हणणार. भावाच्या लॅपटॉपवर तो घडाघडा बोले. इथे ताईच्या घरी मुका. आज नाही बोलला तर आपली लिहायची पाटीच बरी, असं ताईने खुणेने सांगून टाकलं होतं.

दुपारी आल्या आल्या भाऊ थेट तिच्या कॉम्प्युटरपुढे बसला. प्रोग्रॅम काढून परत टाकला, स्पीकर बदलला, ओळ न् ओळ तपासली. तो स्वतः पोपट उघडून चाचणीची फाइल लावी, तेव्हा पोपट बोले. ताईने आपल्या फाइलवर क्लिक केलं की तोंडाला कुलूप. क्लिक केल्यावर ती पडद्याकडे नाही, दरवेळी भावाकडे बघे. त्याने तो आणखी वैतागे.

"ताई, नीट क्लिक कर ना गं," तो शेवटी खेकसला, आणि लगेच वरमला. तिला उलटून बोलतासुद्धा येत नव्हतं.

ताईने शांतपणे पोपट बंद केला, आणि पुन्हा त्याच फाइलकडे माउस नेला.

"बंद कशाला केलास?"

उत्तर दाजींनी दिलं. "अरे, ती नळसुद्धा दोनदा पिळून बंद करते. तुझा पोपट कसा उघडा राहील?"

भाऊ थिजला. त्याचा पोपट सदा उघडाच असायचा. बंद पोपटाला फाइलने उठवलं, की तो डोळे उघडायच्या आत फाइल दारात येत होती, आणि घ्यायला कोणी नाही म्हणून हरवत होती. त्याने चार ओळी लिहिल्या. आलेली फाइल धरून ठेव. तयार झालास की आधी ती वाच.

बाहेर दिवे लागले होते. ताईने क्लिक केलं. ही फाइल तिने तो यायच्या आधीच लिहून ठेवली होती. तिच्यात काय आहे, हे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं.

पोपट उघडला. क्षणभर थांबला. मग खणखणीत आवाजात म्हणाला, "आलास? आधी जेवून घे बाळा, काम नंतर."