मधोमध

मुलांनो, शाळेची एक खोली डोळ्यांसमोर आणा. टेबलावर नकाशा, त्यात टोचलेली लाल टाचणी. भांडणाऱ्या दोन वस्त्यांत सलोखा व्हावा म्हणून एक संस्था त्या टाचणीच्या जागी सामाईक नळ बसवणार होती. "पट्टीनं मोजलंय, अगदी मधोमध," संस्थेचे साहेब म्हणाले. वरच्या वस्तीतल्या नर्सच्या अंगाचा तिळपापड झाला. "त्याच कोपऱ्यावर फुटलेली नऊ डोकी मी शिवलीत. तिथं बायकांनी रांग लावायची? उद्या घागरीच डोक्यात घालतील. विचारलंत कुणाला?" "ताई, चिडू नका, शांततेचं काम आहे." "पट्टीला विचारलंत, माणसांना नाही." सकाळपासून पाठ फिरवून बसलेली खालच्या वस्तीतली म्हातारी वळली. "खरंय तिचं. त्यातलं एक डोकं माझ्या नातवाचं." साहेबांनी घड्याळ पाहिलं, खोदकाम उद्याच ठरलं होतं. तेवढ्यात नर्सच्या लेकीनं नकाशातली टाचणी उपटली आणि आईला न देता म्हातारीपुढं धरली. "आजी, तुम्ही दाखवा."